वन्संचं अस्वल

वन्सं,

विद्यापीठातल्या तुमच्या विभागाने संकेतस्थळावर तुमच्याबद्दल जर्मनमध्ये चार परिच्छेद टाकले आहेत. शिक्षण कुठे झालं, बास्क भाषेवर काय काय लिहिलंत, विद्यार्थी तुम्हाला किती मानायचे, सगळं आहे. शेवटी लिहिलंय की तुम्ही शांतपणे निरोप घेतलात. ते वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसले. शांतपणे! जुलैपासून तुम्ही माझ्याशी धड एक वाक्य बोलला नव्हतात, आणि जे काही बोललात ते परक्या माणसाशी बोलावं तसं. त्यांना काय माहीत म्हणा. ते त्यांचं लिहोत, मी माझं लिहिते. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि भांडण असं अर्धं टाकून कुणी उठून जात नाही.

'वन्सं' ही हाक तुम्हाला मुळीच आवडायची नाही. श्रीरंगशी लग्न करून मी कोलोनला आले तेव्हा तुम्ही विमानतळावर घ्यायला आला होतात. नवऱ्याची मोठी बहीण, वयाने माझ्याहून बरीच मोठी, एकटी राहणारी, पायात मळलेले डोंगर चढायचे बूट. मी पदर नसतानाही खांद्यावर हात नेला आणि म्हणाले, "नमस्कार वन्सं." तुम्ही म्हणालात, "अगं, ही हाक पुण्यातसुद्धा आता कुणी मारत नाही. वासंती म्हण." मी नाही म्हटलं. आधी थट्टेने, मग सवयीने. आणि पुढे पुढे या कारणाने, की तुम्हाला या नावाने हाक मारणारी साऱ्या जर्मनीत मी एकटीच होते.

पहिलं भांडण त्याच आठवड्यात झालं, कोलोनच्या झ्युल्त्स भागातल्या तुमच्या घरी. श्रीरंगने येतानाच बजावलं होतं, "ताईला अस्वलाबद्दल विचारू नकोस, जेवण थंड होईल." मी अर्थातच विचारलं. बास्क लोक स्पेन आणि फ्रान्सच्या मधल्या डोंगरांत राहतात, त्यांच्या भाषेचं आजूबाजूच्या एकाही भाषेशी नातं लागत नाही, आणि त्या भाषेत अस्वलाला 'हार्त्स' म्हणतात, एवढं तुम्ही पिठलं वाढता वाढता सांगितलंत. शेजारच्या जुन्या केल्टिक भाषेत अस्वल म्हणजे 'आर्तोस'. आपलं संस्कृत 'ऋक्ष' त्याच घराण्यातलं. मग हार्त्स हा बास्कांचा स्वतःचा शब्द, की शेजाऱ्याकडून आणलेला? या एका प्रश्नावर तुमचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"त्यात काय एवढं?" मी म्हणाले. मी सॉफ्टवेअरवाली. "दोन ठिकाणी सारखा कोड दिसला की एकाने दुसऱ्याचा उचललेला असतो."

"सारखं दिसलं म्हणून नातं लागत नाही, अनघा. तुझं नि माझं आडनाव एकच आहे. आपण सख्ख्या बहिणी आहोत का?"

"नाही. पण उसनं आडनाव कुणी आणलं ते सगळ्यांना माहीत आहे."

हसता हसता तुम्हाला इतका ठसका लागला की श्रीरंगला पाणी आणायला उठावं लागलं. मग तुम्ही दुसरा डाव टाकलात. त्या भागात रोमन काळातले कोरीव दगड सापडतात, त्यांवरच्या स्थानिक माणसांच्या नावांत हा शब्द असावा असं दिसतं. "पोराचं नाव कुणी उसन्या शब्दावरून ठेवतं का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "आमच्या ऑफिसात अस्सल जर्मन आईबापांचा केव्हिन आहे, वन्सं, आणि ते नाव आयर्लंडचं." पिठलं खरंच थंड झालं.

एकदा तुम्ही मला तुमच्या तासाला नेलंत. मी मागच्या बाकावर बसले. फळ्यावर दोन वाक्यं होती. 'हार्त्सा एतॉरी दा', अस्वल आलं. 'हार्त्साक एस्तिया यान दू', अस्वलाने मध खाल्ला. हार्त्सच्या शेवटी 'आ' लागला की ते ठरावीक, ओळखीचं अस्वल होतं, इथवर जर्मन पोरांना पटलं. पण दुसऱ्या वाक्यात त्याला 'क'चं शेपूट का? तेच अस्वल आहे ना? पोरं डोकं खाजवत होती आणि मी मागून ओरडले, "ने!" सगळे वळून बघायला लागले. तुम्ही खडू माझ्याकडे रोखून म्हणालात, "गेनाऊ! बरोब्बर! ही माझी भावजय." मग त्यांना समजावलंत की मराठी भूतकाळात जे करते ते बास्क सगळ्याच काळांत करते. नुसतं आलेल्याला काही लागत नाही. ज्याने काही केलं त्याला शेपूट लागतं. शिवाय 'हार्त्साक' म्हणजे 'अस्वलं' असंही होतं, त्यामुळे एकट्याने केलं की पुष्कळजण आले, हे पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही. त्या दिवशी मी घरी येताना ट्राममध्ये उगाचच ताठ बसले होते. माझी मातृभाषा मला असं काही देते हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पण मला खरं भावलं ते वेगळंच. जर्मनांनी अस्वलाचं जुनं नाव टाकून दिलं, असं तुम्ही सांगायचात. त्यांचा 'बेअर' म्हणजे मुळात 'तपकिरी', असं मानतात. रशियन लोक त्याला 'मध खाणारा' म्हणतात. भीतीपोटी. नाव घेतलं की दारात येतं, म्हणून पिढ्यान् पिढ्या नाव घेतलंच नाही, आणि शेवटी ते विसरूनच गेले. "बास्कांनी टाकलं नाही," तुम्ही अभिमानाने म्हणायचात, जसं काही तुम्हीच त्यांना धीर दिला होता. "घरचं असो की उसनं, ते नाव घेत राहिले."

आणि मग गाडी हमखास आईंवर यायची. माझ्या सासूबाई, तुमच्या आई, देवरुखजवळच्या खेड्यात वाढलेल्या. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहूनही दिवेलागणीनंतर त्यांच्या तोंडून 'साप' हा शब्द निघत नाही. 'जनावर' म्हणतात, फार तर 'लांबडं'. दिवा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. तांदूळ संपत नाहीत, वाढतात. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. तुम्ही फोनवर हे सगळं टिपून घ्यायचात, आणि त्या म्हणायच्या, "हे शिकवायला तुम्हाला विद्यापीठ लागतं? धन्य आहे."

या वर्षी एप्रिलमध्ये आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या. आंबापोळी, कोकमं, कुळथाचं पीठ, निम्मी बॅग तुमच्यासाठी. तुम्ही त्यांना त्या डोंगरांतल्या कार्निव्हालचा व्हिडिओ दाखवलात. मेंढीची कातडी पांघरलेला माणूस अस्वल होऊन डुलत येतो, साखळी ओढतो, पोरं किंचाळत पळतात. आईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगो, हे तर शिमग्याचं सोंग!" मग दोघी तासभर बोलत बसलात, त्या संकासुराबद्दल आणि तुम्ही अस्वलाबद्दल. मी चहा घेऊन आले तर कुणी वळूनही बघितलं नाही. इतकी वर्षं दूर राहिलेली मुलगी नक्की काय करते ते आईंना त्या दुपारी कळलं. ते दोन्ही कप मीच प्यायले आणि मला फार बरं वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तुम्ही मला दवाखान्यात सोबत चल म्हणालात. "दोन कान जास्त असलेले बरे," एवढंच कारण. डॉक्टरबाईंनी तुमच्याकडे बघून सरळ सांगितलं. इथे तसंच असतं, नातेवाइकांना बाजूला घेऊन कुजबुज नाही. स्वादुपिंड, आणि तिथून पुढे यकृत. तुम्ही मान हलवलीत, दोन प्रश्न विचारलेत, हात मिळवलात. ट्राममध्ये बसल्यावर म्हणालात, "बाउखश्पायशेलड्र्यूझं. पोट, लाळ, ग्रंथी. पोटातली लाळेची ग्रंथी. शब्द बघ कसा पोरासोरांना कळेल असा केलाय." मी रडत होते. समोरची बाई खिडकीबाहेर बघण्याचं सोंग करत होती.

"घरी हा शब्द काढायचा नाही," तुम्ही म्हणालात. "कुठल्याच भाषेत. आई जुलैत परत जाईल, हसत जाईल. श्रीरंगलाही सांगायचं नाही, त्याच्या तोंडावर सगळं दिसतं."

"आणि मी? तुम्हीच म्हणता ना, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही?"

"म्हणून तर बजावतेय. वचन दे."

दिलं. पण एक विचारायचं राहिलं, वन्सं. तोंड मिटून बसणारी माणसं तुमच्याकडे काय कमी होती? तुमचा अख्खा विभाग तसलाच. मग नेमकं मलाच का नेलंत?

ते पुढचे आठवडे आठवले की अजून मान आखडते. दर रविवारी तुम्ही जेवायला यायचात, सैल कपडे घालून, गालांना काहीतरी लावून. आई आग्रह करायच्या. त्या पोळी आणायला वळल्या की तुमच्या ताटातलं माझ्या ताटात यायचं. मी दोघींचं जेवत होते. आई आपल्या दोघींकडे बघून म्हणाल्या, "काय चाललंय तुमचं? एक वाळतेय, एक सुटतेय." तुम्ही हसलात, म्हणून मीही हसले.

एका रविवारी सई सगळ्यांसमोर म्हणाली, "आत्या, डू इस्ट या गार निष्ट्स!" आमच्या लेकीला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. आईंनी माझ्याकडे बघितलं, "काय म्हणतेय गो ती?" ती म्हणत होती, आत्या, तू काहीच खात नाहीस. मी म्हणाले, "भाजी छान झालीय म्हणतेय." सई माझ्याकडे बघतच राहिली. पोरीला आजीशी नीट बोलता यावं म्हणून मी तिला दर शनिवारी मराठी शाळेत पाठवते, आणि तिच्याच तोंडचं वाक्य मी तिच्यासमोर बदललं. रात्री श्रीरंगने विचारलं, तुझं काय बिनसलंय. मी ऑफिसचं कारण सांगितलं.

आपण भांडलो ते तुमच्या घरी, हलक्या आवाजात, भिंतीपलीकडच्या शेजारणीला मराठी कळत नसूनही. मी म्हणायचे, त्यांना सांगा. तुम्ही म्हणायचात, जी बाई सापाचं नाव घेत नाही तिला मी हे सांगू? मी म्हणायचे, त्या नंतर आम्हाला जन्मभर विचारतील. तुम्ही म्हणायचात, विचारू दे, तेव्हा मी नसेन. तुम्ही भांडणात नेहमीच असा शेवटचा पत्ता टाकायचात आणि उठून पुस्तक उघडायचात.

खरं सांगू? मी ते वचन पाळलंही असतं. तुम्ही दिवाळीचं बोलायला नको होतं. आईंचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं, आणि आदल्या संध्याकाळी तुम्ही निरोप द्यायला आलात. जाताना त्यांना मिठी मारून म्हणालात, "दिवाळीला येते पुण्याला. चांगली महिनाभर राहते." श्रीरंग खूष झाला. आईंच्या डोळ्यांत पाणी. मी भांडी घासत पाठ करून उभी राहिले.

सकाळी आई बॅग भरत होत्या. मी वजनकाट्यावर बॅग ठेवून काढ-घाल करत होते, शेजारपाजाऱ्यांसाठी घेतलेल्या चॉकलेटांनी ती कायम जास्तच भरते. आई म्हणाल्या, "मागची खोली रंगवून घेते. वासंतीला पिवळा आवडतो. आणि तिच्यासाठी कमोडच्या बाजूला तो दांडा बसवते, अलीकडे उठताना तिला धरायला लागतं." त्यांनी बघितलं होतं, वन्सं. तुम्ही टेबलाच्या कडेला धरून उठायचात ते त्यांनी बघितलं होतं आणि स्वतःच्या मनाने त्याची गुडघेदुखी करून टाकली होती. मी त्यांच्या हातातलं चॉकलेटांचं पाकीट काढून घेतलं.

"आई, वन्संना..."

त्यांचा हात वर आला. "नाव घेऊ नकोस."

मी थांबले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग त्यांनी विचारलं, "कुठे आहे?"

"पोटात."

"कुठवर आलंय?"

"यकृतापर्यंत."

"निघेल?"

"नाही, आई."

पुढे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्या गावात घरात जनावर शिरलं की बायका आरडाओरडा करत नाहीत, नावही घेत नाहीत; हेच विचारतात, कुठे आहे, कुठवर आलंय, निघेल का. तुम्हीच हे मला कधीतरी हौसेने सांगितलं होतं. त्यांचे सगळे शब्द तुम्ही टिपलेत, पण एवढं तुमच्या ध्यानात आलं नाही की नाव न घेणाऱ्या माणसाचं जनावर शिरलेल्या कोपऱ्यावर सगळ्यांत आधी लक्ष असतं. तुम्हाला वाटलं, त्यांना ऐकवणार नाही. त्या बिछान्यावर बसून थोडा वेळ गुडघे चोळत राहिल्या आणि म्हणाल्या, "बॅग उघड. माझी जाड शाल वर काढ, मग श्रीरंगला फोन कर."

दुपारी, विमान सोडून देऊन, मी आणि आई तुमच्या दारात उभ्या होतो, आणि तुम्ही दार उघडलंत. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंच नाहीत. त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलंत. आई चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आतून आवाज आला, "मऊ भात टाकते. तूप कुठे ठेवतेस?" तुम्ही मला जिन्यात ओढलंत आणि दार लोटून घेतलंत.

"तू मला आईसमोर आजारी केलंस," तुम्ही म्हणालात. "सगळीकडे मी पेशंट आहे. दवाखान्यात, विभागात, आरशात. एका ठिकाणी मी बरी होते. एकाच. तेवढं तू काढून घेतलंस."

मी फक्त म्हणाले, "त्या खोली रंगवत होत्या, वन्सं." तुम्ही म्हणालात, "रंगवू द्यायची होतीस." आणि आत गेलात. मी जिन्यातच बसले, वरून उतरणाऱ्या माणसाने विचारलं की सगळं ठीक आहे ना, मी हो, हो म्हणाले.

आईंचा व्हिसा वाढवायला मी आउसलेंडरबेहॉर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, खेटे घातले. डॉक्टरांचं पत्र बघून तिथल्या बाईंनी विशेष कारण मान्य केलं. श्रीरंग माझ्याशी आठवडाभर बोलला नाही, तेही मी गिळलं. बहीण त्याची होती. आई तुमच्याकडेच राहायला गेल्या. आणि तुम्ही माझ्याशी जर्मन बोलायला लागलात. तेही जवळच्यांचं 'डू' नाही, परक्यांचं 'झी'. "डांके, लेगन झी एस हिन." ठेवा तिथे, धन्यवाद. सामान आणून देणाऱ्या माणसाला बोलावं तसं. मी तुम्हाला जन्मभर अहो-जाहो केलं ते मानाने, आणि तुम्ही मला हद्दपार करायला तोच मान 'झी' म्हणून माझ्यावर उलटवलात. किती तुमच्यासारखं होतं ते! राग येऊनही मला मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटायची.

पण मी येत राहिले. ऑफिस सुटलं की झ्युल्त्स. आणि दारातून जे दिसायचं त्याचं मी काय करू? आई तुमचे तळपाय चोळताहेत. तुम्ही त्यांच्याकडून अस्वलाची ती दोन वाक्यं पाठ करून घेताहात आणि त्या "हार्त्साक" म्हणताना जीभ चावताहेत. तुम्ही झोपेत 'आई' म्हणताय आणि लगेच उत्तर येतंय. इतकी वर्षं दोन देशांत राहिलेल्या मायलेकी एकाच चमच्याने पेज पिताहेत. हे तुम्ही नको म्हणत होतात, वन्सं. हेच.

एका दुपारी तुम्ही त्यांना तुमचा जुना प्रश्न समजावून सांगत होतात. हार्त्स घरचा, की शेजारच्या आर्तोसवरून आणलेला. आवाज अगदी खोल गेला होता, पण वाद मात्र तसाच ठणठणीत. आई तांदूळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "विरजण शेजारणीकडनंच आणतो ना आपण? मग दही कुणाचं म्हणायचं?" तुम्ही हसलात. डोकं मागे टाकून, पहिल्या पिठल्याच्या दिवशी हसला होतात तशा. मीही दारात हसले. तुमची नजर माझ्याकडे गेली आणि हसू तिथल्या तिथे थांबलं. मी भाजीची पिशवी ठेवली आणि निघाले. जिन्यात मला कळेना की मी आनंदात आहे की अपमानात. दोन्ही होतं. अस्वलावरचा तुमचा लेख अर्धाच राहिला म्हणतात. त्यात दह्याचं कुठे आलंय का, विचारायला हवं.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, सकाळी तुम्ही गेलात. मी मीटिंगमध्ये होते. पोचले तोवर आईंनी तुमचे केस सारखे करून कपाळाला कुंकू लावलं होतं. तुमचा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी मला दिला नाही. मी मागितलाही नाही. मला वाटत होतं, अजून एखादा शब्द असेल, 'झी'वाला का होईना. भांडण मिटवायचं नव्हतं हो मला. फक्त तुम्ही मराठीत रागवावं एवढंच हवं होतं.

काल आईंना मी फ्रँकफुर्टच्या विमानतळावर सोडून आले. श्रीरंग कामात होता, आणि खरं तर त्याला ते जमलं नसतं. आगगाडीत आम्ही समोरासमोर बसलो. बाहेर नोव्हेंबरचा तो राखाडी उजेड, जो तुम्हाला आवडायचा आणि मला कधीच आवडला नाही. आईंनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचारा ना."

"वासंती कुणाला जवळ येऊ देणारी नव्हती. लहानपणी ताप आला तरी भिंतीकडे तोंड करून झोपायची. ती मला थांब म्हणाली नसती, तर मी थांबले नसते. जबरदस्तीने राहिले असते तर ते तिला सोसलं नसतं." त्यांनी शाल सारखी केली. "तिनेच तुला सांगितलं होतं ना गो, आईला सांग म्हणून?"

इतके महिने ही बाई या समजुतीवर उभी होती. तुमचं मळलेलं काढताना, रात्र रात्र बसताना, तुम्ही चिडलात की गप्प बसताना, लेकीने आपल्याला बोलावून घेतलंय, असंच धरून होती. मी हळूच विचारलं, "तुम्ही त्यांना नाही विचारलंत कधी?"

"विचारलं की. शेवटच्या आठवड्यात."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, अनघाला विचार."

वन्सं, तुम्हाला 'नाही' म्हणता आलं असतं. 'हो' म्हणता आलं असतं. आई समोर बसल्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत, आणि पुढचं स्टेशन जवळ येत होतं.

"हो, आई," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलं होतं."

आता यावर तुम्हाला काय म्हणायचं असेल ते म्हणा.